वेशीबाहेरची जमीन: भूसंपादन, टीडीआर की नगररचना परियोजना?

हद्दीलगतच्या शेतात चुन्याच्या रेघा दिसू लागल्या की शहर वाढू लागले असे समजावे, आणि त्या रेघा आखणाऱ्याने नगर परिषदेला बहुधा काही विचारलेले नसते, हेही समजावे. चाळीस-पन्नास हजार वस्तीच्या शहरात रस्ते, बाग, शाळा, पाण्याची टाकी आणि कचरा प्रक्रिया केंद्र यांसाठी जमीन कोणत्या मार्गाने मिळवावी, हा विषय ज्यांच्यापुढे सर्वसाधारण सभेत ठरावाच्या रूपाने येणार आहे, त्या नगरसेवकांसाठी आणि ज्यांच्या जमिनीच्या गटावर सार्वजनिक कामासाठीचे आरक्षण पडले आहे त्या जमीनमालकांसाठी पुढील तुलना मांडली आहे.

विकास आराखडा मंजूर झाला म्हणजे नियोजन पार पडले, असा समज लहान शहरांत फार पक्का आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 नुसार तयार होणारा आराखडा कोठे काय असावे एवढेच सांगतो. ती जमीन सार्वजनिक मालकीची होईपर्यंत नकाशावरचा हिरवा चौकोन हा केवळ रंग असतो. त्यातही घड्याळ चालू असते. आराखडा अंमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन संपादित झाली नाही, तर कलम 127 खाली मालक सूचना देऊ शकतो आणि त्यानंतरच्या 24 महिन्यांत ठोस कार्यवाही झाली नाही तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते. पत्रव्यवहार करणे, जिल्हाधिकाऱ्यांकडे प्रस्ताव पाठवून ठेवणे म्हणजे कार्यवाही नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्ये गिरनार ट्रेडर्स प्रकरणात स्पष्ट केले आहे. तेव्हा निर्णय न घेणे हाही एक निर्णयच असतो आणि त्याचा लाभ कोणाला होतो हे शहरात सर्वांना ठाऊक असते.

रोख मोबदला देऊन होणारे भूसंपादन हा सर्वांत सरळ मार्ग आहे. जमीन नेमकी हवी तेथे मिळते, मालकाची संमती नसली तरी मिळते आणि मालकालाही आपल्या हाती काय पडणार हे आधी कळते. अडचण एकच आहे, पण ती मोठी आहे. 2014 पासून लागू झालेल्या भूसंपादन कायद्यानुसार नागरी भागातही बाजारमूल्याइतकेच दिलासा मूल्य वर द्यावे लागते, म्हणजे रक्कम दुप्पट होते. उदाहरणादाखल, एक हेक्टरच्या बागेसाठी चौरस मीटरला 3,000 रुपये दर धरला तर जमिनीचे तीन कोटी आणि दिलासा मूल्याचे तीन कोटी असे सहा कोटी रुपये लागतात; शिवाय अधिसूचनेपासून निवाड्यापर्यंत वार्षिक 12 टक्क्यांची भर पडत राहते. घरपट्टीच्या वसुलीतून पाणी उपशाचे वीजबिल आणि कर्मचाऱ्यांचे पगार भागवताना ज्यांची दमछाक होते, त्या नगर परिषदेला वर्षाकाठी असे एक आरक्षणही परवडणार नाही. म्हणून हा मार्ग ज्या जागेला पर्यायच नाही तिच्यासाठी राखून ठेवावा: उंचवट्यावरची पाण्याच्या टाकीची जागा, मलनिस्सारण केंद्राची सखल जागा, किंवा दोन रस्ते जोडणारा तुटका पन्नास मीटरचा तुकडा.

हस्तांतरणीय विकास हक्काचा, म्हणजे जमिनीच्या बदल्यात पैशांऐवजी दुसरीकडे वापरता किंवा विकता येणाऱ्या जादा बांधकाम हक्काचा (टीडीआर), मार्ग कागदावर सर्वांत आकर्षक दिसतो, कारण त्यात नगर परिषदेचा एक रुपयाही जात नाही. डिसेंबर 2020 पासून राज्यातील बहुतेक नगर परिषदांना लागू असलेल्या एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीनुसार (ही नियमावली गिरिस्थान नगर परिषदांना लागू नाही, याची महाबळेश्वर किंवा माथेरानच्या वाचकांनी नोंद घ्यावी) आरक्षित जमीन सोपवणाऱ्या मालकाला विरळ वस्तीच्या भागात क्षेत्राच्या दुप्पट आणि दाट वस्तीच्या भागात तिप्पट विकास हक्क मिळतात. वरच्याच एक हेक्टरच्या बागेसाठी 20,000 चौरस मीटरचे प्रमाणपत्र मिळेल. परंतु ते वापरताना दोन्ही ठिकाणच्या रेडीरेकनर दरांच्या, म्हणजे सरकारने ठरवलेल्या जमीनदरांच्या, प्रमाणात घटते. जमीन 2,000 रुपये दराच्या भागातली असेल आणि वापर 5,000 रुपये दराच्या मुख्य रस्त्यावर करायचा असेल, तर 20,000 चे 8,000 चौरस मीटर उरतात. तेही ठीक आहे, पण ते विकत घेणार कोण? ज्या शहरात बहुतेक इमारती तळमजला अधिक दोन मजल्यांच्या आहेत, जेथे मूळ चटईक्षेत्रच, म्हणजे भूखंडावर मुळात मिळणारे बांधकामच, पुरते वापरले जात नाही आणि नऊ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यांवर, म्हणजे जुन्या पेठांतल्या बहुतेक गल्ल्यांत, टीडीआर वापरताच येत नाही, तेथे या प्रमाणपत्राला गिऱ्हाईक मिळत नाही. टीडीआर हे मुंबई-पुण्याच्या बाजारपेठेत चालणारे नाणे आहे; तालुक्याच्या बाजारात ते वटत नाही.

गिऱ्हाईक मिळालेच तरी एक प्रश्न उरतो आणि शाश्वततेच्या दृष्टीने तोच महत्त्वाचा आहे. बाग शहराच्या कडेला मिळते, पण तिच्या मोबदल्यातले बांधकाम शहराच्या मध्यात उभे राहते, जेथील जलवाहिन्या आणि गटारे कित्येक दशकांपूर्वीच्या लोकसंख्येसाठी टाकलेली असतात. शिवाय टीडीआर संमतीवर चालतो. आराखड्यातल्या रस्त्यालगतच्या दहा मालकांपैकी सात राजी झाले आणि तीन झाले नाहीत, तर रस्ता सात ठिकाणी असतो आणि तीन ठिकाणी नसतो. मुख्य बाजारपेठेत रस्तारुंदीसाठी, जेथे मालकाला उरलेल्या भूखंडावरच जादा चटईक्षेत्र हवे असते, तेथे मात्र हा मार्ग चांगला चालतो. मंडईसारख्या आरक्षणासाठी समावेशक आरक्षणाची तरतूदही पाहावी; मालकाने ते बांधून ठरलेला भाग नगर परिषदेला द्यायचा आणि उरलेला स्वतः वापरायचा, हा व्यवहार लहान शहरातल्या व्यापाऱ्यांना लवकर समजतो.

तिसरा मार्ग, नगररचना परियोजनेचा, सर्वांत जुना आणि आपल्याकडे सर्वांत विसरलेला आहे. मुंबई नगररचना अधिनियम 1915 सालचा. देशातील या स्वरूपाचा तो पहिला कायदा. पुण्यातील शिवाजीनगरचा, म्हणजे पूर्वीच्या भांबुर्ड्याचा, आखीव भाग आणि मुंबईतील माहीम, सांताक्रूझ, विलेपार्ले येथील सरळ गल्ल्या नगररचना परियोजनांतून आल्या. 1966 च्या कायद्यातही त्यासाठी स्वतंत्र प्रकरण आहे. पण महाराष्ट्राने विकास आराखड्यावर भर दिला आणि गुजरातने परियोजना चालू ठेवल्या. तत्त्व सोपे आहे. एका पट्ट्यातील सगळ्या मालकांच्या वेड्यावाकड्या जमिनी कागदावर एकत्र करायच्या, त्यातून रस्ते, बाग, शाळा आणि सार्वजनिक जागा काढायच्या आणि उरलेली जमीन चौकोनी, रस्त्याला लागून असलेल्या अंतिम भूखंडांच्या रूपाने त्याच मालकांना परत द्यायची. साधारणतः निम्म्यापासून साठ टक्क्यांपर्यंत जमीन परत मिळते. साठ टक्के धरले तर अडीच एकराच्या मालकाला दीड एकर. सुधारणेमुळे जी मूल्यवाढ होते तिच्या जास्तीत जास्त निम्म्यापर्यंत अंशदान नगर परिषद घेऊ शकते आणि त्यातून रस्ते-गटारांचा खर्च भागवता येतो.

ऐकताच पहिली प्रतिक्रिया येते, ‘चाळीस टक्के जमीन फुकट का द्यायची?’ प्रश्न रास्त आहे, पण तुलना चुकीच्या गोष्टीशी केली जाते. तोच मालक स्वतःचा ले-आऊट मंजूर करून घेतो तेव्हा अंतर्गत रस्त्यांत पाव हिस्सा सहज जातो, क्षेत्र 0.4 हेक्टर किंवा अधिक असेल तर दहा टक्के खुली जागा सोडावी लागते आणि दोन हेक्टरच्या वर सुविधा क्षेत्रही द्यावे लागते. म्हणजे पस्तीस टक्क्यांच्या आसपास जमीन तशीही जाते, आणि बदल्यात मिळतात एकमेकांना न जुळणारे रस्ते व कोपऱ्यात पडलेली, कोणालाच उपयोगी नसलेली खुली जागा. खरा फरक पडतो तो खुल्या जागेच्या अटीतून सुटण्यासाठी एकराच्या आतले तुकडे पाडून विकणाऱ्याला. परियोजनेला सर्वांत मोठा विरोध त्याच्याकडूनच होतो, असे माझे निरीक्षण आहे.

तिन्ही मार्गांची कसोटी पाहायची तर ओढा घ्यावा. जवळपास प्रत्येक गावाबाहेर एक ओढा असतो, जो उन्हाळ्यात कोणाच्या लक्षात येत नाही आणि जुलैत सगळ्यांच्या येतो. भूसंपादनाने त्याच्या दोन्ही काठांची पट्टी घ्यायची तर पंचवीस मालकांचे पंचवीस निवाडे आणि तेवढे पैसे लागतात. टीडीआरने घ्यायची तर ज्यांनी दिली तेवढीच मिळते, आणि मध्ये एकाने भराव टाकला की वरच्यांच्या घरात पाणी शिरते. परियोजनेत मात्र भूखंडच ओढ्याला धरून आखता येतात: काठाची पट्टी सार्वजनिक, तिच्या कडेने रस्ता आणि रस्त्याच्या पलीकडे अंतिम भूखंड. कोणा एकाचे नुकसान होत नाही, कारण पट्टीचा भार सगळ्यांत वाटला जातो. खुली जागाही याच पट्टीला जोडली, तर बाग, विहिरींचे पुनर्भरण आणि पुराच्या पाण्याची वाट ही तिन्ही कामे एकाच जमिनीवर होतात.

परियोजनेचे दोषही तितकेच ठोस आहेत. परियोजना करण्याचा इरादा जाहीर झाल्यापासून नऊ महिन्यांत प्रारूप प्रसिद्ध करण्याची मुदत कायद्यात असली, तरी पुढे शासनाची मंजुरी, लवाद, प्रत्येक भूखंडाचे मूल्यांकन आणि अपील यांत वर्षे जातात. या काळात परवानगीशिवाय बांधकाम करता येत नाही; मुलीच्या लग्नासाठी पाच गुंठे विकू पाहणाऱ्या शेतकऱ्याला हे फार जाचक वाटते. प्रारूप मंजूर होताच रस्त्यांची जमीन ताब्यात घेण्याची सोय कायद्यात आल्याने विलंबाची धार थोडी बोथट झाली आहे, एवढेच. दुसरा दोष मोजणीचा. सातबाऱ्यावरचे क्षेत्र, प्रत्यक्ष वहिवाट आणि वारसांची नावे जुळत नसतील, तर अंतिम भूखंड कोणाच्या नावाने काढायचा येथेच गाडी अडते. नगर परिषदेकडे स्वतःचा नगररचनाकार नसेल तर बाहेरचा सल्लागार नेमण्याचा खर्च वेगळा.

लहान शहरात हे जमू शकते का, या शंकेला भूजचे उदाहरण उत्तर देते, पण सावधपणे वाचायला हवे. 26 जानेवारी 2001 च्या भूकंपानंतर तेथील तटबंदीच्या आतील शहरासाठी आठ नगररचना परियोजना करण्यात आल्या. अगदी लहान भूखंडांतून कपात न करता मोठ्या भूखंडांतून अधिक कपात, असे चढते प्रमाण ठेवले गेले आणि दाटीतून नवे रस्ते काढले गेले. मात्र तेथे शहर कोसळलेले होते, पुनर्वसनाचा निधी हाताशी होता आणि प्रशासनाचे सारे लक्ष एका जागी होते. उभ्या असलेल्या गावठाणात तसे करायला जाऊ नये. घ्यायचे ते कपातीचे चढते प्रमाण. दहा गुंठ्यांच्या आणि दहा एकरांच्या मालकाकडून एकाच टक्केवारीने जमीन मागितली, तर पहिला कोर्टात जातो आणि दुसरा त्याच्या मागे उभा राहतो.

चौथा मार्ग ठरावात कधीच लिहिलेला नसतो: काही न करणे. त्याचे नाव गुंठेवारी, म्हणजे ले-आऊट मंजूर न करता गुंठ्यागुंठ्याने जमीन विकणे. 2001 च्या कायद्याने 1 जानेवारी 2001 पर्यंतची गुंठेवारी नियमित करण्याची सोय केली आणि 2021 मध्ये ती मुदत 31 डिसेंबर 2020 पर्यंत वाढवण्यात आली, त्यामुळे आज तुकडा विकत घेणारा पुढच्या मुदतवाढीवर विसंबून असतो. त्याला दोष देणे सोपे आहे, पण मंजूर भूखंड त्याच्या आवाक्यात नसतो, हेही तितकेच खरे. परियोजनेत दुर्बल घटकांसाठी लहान भूखंड राखून ठेवता येतात. पहिले दोन मार्ग या माणसाचा विचारच करत नाहीत.

माझा कौल असा आहे: गावठाणात आणि बाजारपेठेत रस्तारुंदीपुरता टीडीआर, पर्याय नसलेल्या दोन-तीन जागांसाठी रोख भूसंपादन, आणि वाढीच्या दिशेने असलेल्या एका पट्ट्यासाठी, पंधरा-वीस हेक्टरहून मोठ्या नव्हे, नगररचना परियोजना. पट्टा निवडताना एकच गोष्ट पाहावी: त्यातील किती जमिनीवर घरे उभी राहिली आहेत. एक तृतीयांशाच्या वर बांधकाम झाले असेल तर ती बाजू सोडून द्यावी आणि तेथे फक्त रस्त्यांची जुळणी करावी. जेथे अजून ऊस किंवा ज्वारी उभी आहे तेथील भूमी अभिलेखची संयुक्त मोजणी ठरावापूर्वीच मागवावी. तिच्या शुल्काची तरतूद या वर्षीच्या अंदाजपत्रकात नसेल, तर परियोजनेचा विषय सभेपुढे ठेवण्याची घाई करू नये, कारण इरादा जाहीर होऊन मोजणी रखडली की मालकांचा विश्वास जातो आणि चुन्याच्या रेघा रातोरात पडू लागतात.