शीआनच्या सुलेखन-वर्गातला डबा: काही महिने वापरल्यानंतर, आणि मुख्यतः त्या दगडाबद्दल

"संचातला शाईचा दगड शोभेसाठी आहे, वापरासाठी नाही." चीनमधल्या शीआन शहरात सुलेखनाच्या वर्गातून मी एक संच घेतला, त्यातल्या दगडावर शाई उगाळलीच जात नाही अशी तक्रार केली, आणि विक्रीनंतरच्या विभागाकडून इतक्या महिन्यांच्या पाठपुराव्यानंतर आलेलं हे शेवटचं उत्तर. सोबत पुढच्या वर्गासाठी सवलतीचं कूपन. शोभेसाठी असल्याचा उल्लेख ना जाहिरातीत होता, ना डब्यावर, ना वर्गात कोणी केला. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

शीआनला जाऊन आलेल्या बहुतेकांनी हा डबा पाहिलेला असतो: लाल रेशमी अस्तर, दोन कुंचले, सोनेरी अक्षरांची शाईची कांडी, ती उगाळायला ड्रॅगनच्या झाकणाचा दगड, शिक्का आणि थोडे कागद. दक्षिण दरवाज्याजवळच्या शूयुआनमन गल्लीत दुकानादुकानांतून असे डबे मांडलेले दिसतात. माझा प्रवाशांसाठीच्या दोन तासांच्या वर्गातून आला. वर्ग कोणाचा ते सांगत नाही, कारण डबे सगळीकडे साधारण सारखेच आहेत. माझा २८० युआनला पडला, म्हणजे साडेतीन हजारांच्या आसपास. वर्गाचे पैसे वेगळे.

आधी वर्गाबद्दल, कारण तो उत्तम होता. शिकवणारे आजोबा चिनीत बोलत होते, एक मुलगी इंग्रजीत सांगत होती. सुरुवातीचा बराच वेळ त्यांनी कुंचल्याला हातच लावू दिला नाही. आधी शाई उगाळायची. दगडावर पाण्याचे चार थेंब, कांडी सरळ उभी धरायची, जोर न लावता गोल गोल फिरवायची. त्यांचा दगड वापरून मध्यभागी खोलगट झालेला. कांडी फिरू लागली की बारीक घासल्याचा आवाज येतो. शाई दाट होत जाते तसा तो आवाज मऊ पडतो आणि कांडीच्या मागे तिची वाट क्षणभर तशीच राहते. ती वाट दिसली की शाई झाली. माझे खांदे तोपर्यंत खाली आले होते, श्वास संथ झाला होता. चिनी सुलेखनाची ओळख मला खऱ्या अर्थाने तिथे झाली, नंतर पंख्यावर माझं नाव लिहून दिलं तेव्हा नाही.

त्याच दुपारी गल्लीच्या टोकाला असलेलं बेइलिन संग्रहालय पाहिलं. अकराव्या शतकापासून जमवलेले शिलालेख. इ.स. ८३७ मध्ये पूर्ण झालेले कन्फ्यूशियन ग्रंथ ११४ शिळांवर कोरलेले आहेत, साडेसहा लाखांच्या आसपास अक्षरं. येन चनछिंग आणि ल्यू गोंगछ्वान हे जुने नामवंत सुलेखनकार; पहिल्याचा ७५२ सालचा शिलालेख आणि दुसऱ्याचा ८४१ सालचा, दोन्ही तिथेच. एकाची अक्षरं भरदार, रुंद खांद्यांची; दुसऱ्याची हाडं दिसावीत इतकी कडक. आजही चीनमधली मुलं यांच्याच ठशांवरून कित्ता गिरवतात. हे पाहून कोणीही पैसे मोजून डबा घेईल. मीही आनंदाने घेतला.

आता दगड. घरी पहिल्याच दिवशी पाणी घातलं तर थेंब काचेवर फिरावा तसा इकडून तिकडे. कांडी घसरते. अर्धा तास फिरवून पाणी फिकट राखाडी. दगडाला दातच नाहीत. शाईच्या दगडाचं मोल त्याच्या पृष्ठभागावरच्या, बोटाला जेमतेम जाणवणाऱ्या बारीक खरखरीत असतं. ग्वांगदोंग प्रांतातल्या च्याओछिंगच्या द्वान दगडांची ख्याती तीच, की ते काजळी बारीक उतरवतात आणि कांडीलाही इजा करत नाहीत. मी द्वान दगड मागत नव्हते. उगाळणारा कोणताही दगड चालला असता.

गुळगुळीत झालेला खरा दगड बारीक वॉटर पेपरने घासून पुन्हा धारेवर आणतात, म्हणून मीही घासून पाहिला. चकाकी गेली, मग काळा रंगही गेला आणि आतून राखाडी भुकटी निघाली. साच्यात ओतलेला माल, वरून रंगवलेला. ड्रॅगनसकट.

मग वाटलं, कदाचित कांडीही खोटी असेल. तेलाची किंवा पाइनची काजळी आणि प्राणिज सरस घोटून, साच्यात दाबून, महिनोन्महिने वाळवून खरी कांडी होते. प्रवाशांच्या डब्यात असलं काही कशाला देतील? तपासायला तुळशीबागेतून दीडशे रुपयांची चंदनाची सहाण आणली. नवी, देवघरातली नाही. चार थेंब पाणी, कांडी उभी, आणि काही मिनिटांत काळीभोर शाई! जरा भरड उतरते, पण उतरते, आणि तो आवाजही येतो. म्हणजे कांडीत काही खोट नव्हती. साडेतीन हजारांच्या डब्याला दीडशेची सहाण जोडावी लागली याचा मला अजून राग आहे. त्या डब्यात सर्वांत जड आणि सर्वांत दिखाऊ वस्तू म्हणजे तो दगडच, माझ्या सामानाचं वजनही त्यानेच खाल्लं.

कुंचल्यांबद्दल माझं मत मात्र पार उलटलं. पहिले काही आठवडे मी ते टाकाऊच ठरवले होते. शेळीच्या केसांचे, लिबलिबीत, कागदावर टेकले की वाकतात आणि उठवले तरी वाकलेलेच. केसही गळत होते. बोरूने देवनागरी लिहिलेल्यांना तर फार चुकल्यासारखं वाटेल: तिथे जाड-बारीक रेघ बोरूच्या टोकाच्या तिरक्या कापातून मिळते, इथे टोक गोल आणि सगळं दाबावर. पण केस गळायचे थांबले आणि हळूहळू लक्षात आलं की याच मऊपणामुळे मनगटाचा प्रत्येक धक्का कागदावर दिसतो. ताठ कुंचला चुका झाकतो, हा झाकत नाही. आता रेघ संपवताना टोक परत आत वळवणं जमू लागलं आहे. तरी नव्याने घेणाऱ्याने मिश्र केसांचा घ्यावा, त्रास कमी. आणि कोणताही घेतला तरी वापरून झाल्यावर गार पाण्याने मुळापर्यंत धुवून टोक खाली करून टांगायचा. शाई मुळाशी वाळली की कुंचला संपला.

डब्यातला कागद लगेच संपला. तो खरा शुआन, म्हणजे सुलेखनाचा पारंपरिक चिनी कागद, नसावा, पण शोषायचा तसाच. आन्ह्वी प्रांतातल्या चिंग तालुक्यातला शुआन कागद छिंगथान झाडाची साल आणि भाताचा पेंढा यांपासून करतात. त्या कारागिरीला आणि चिनी सुलेखनाला युनेस्कोने २००९ मध्ये एकाच वर्षी वारसा-यादीत घेतलं. सरावाला तो नासणं मला पटत नाही. रद्दीची वर्तमानपत्रं चालतात, तिकडेही शिकणारे तेच करतात.

आणि सगळ्यांत कामाची वस्तू जाहिरातीत नव्हतीच. डब्याच्या तळाशी घडी घालून एक राखाडी कापड होतं. पाण्यात बुडवलेला कुंचला फिरवला की काळी अक्षरं उमटतात, थोड्या वेळात वाळून जातात. शीआनच्या बागांमध्ये सकाळी म्हातारी माणसं लांब दांड्याच्या कुंचल्याने फरशीवर पाण्याने लिहितात, त्याचंच घरगुती रूप. शाई नाही, कागद नाही, खर्च शून्य. योंग या एका अक्षरात आठ मूलभूत फटकारे येतात. ते या कापडावर रोज गिरवते. पावसाळ्यात तर हेच एक साधन उरलं. पुण्याच्या दमट हवेत कांडीवर पांढरी बुरशी आली, सरस ओल धरतो म्हणून. पुसून, कागदात गुंडाळून कोरड्या डब्यात ठेवली तेव्हा वाचली. उन्हात वाळवू नका, तडकते.

शाई उगाळायची इच्छा नसेल तर बाटलीतली घ्या, त्यात कमीपणा नाही. बीजिंगचं यीदग हे दुकान १८६५ पासून तीच विकतं. पण मग दगडाचे पैसे देऊ नका.

जाणाऱ्यांनी वर्ग जरूर करावा, डबा घेऊ नये. आजोबांनी अर्धा वर्ग उगाळण्यावर खर्च केला आणि त्याच संस्थेने आम्हाला न उगाळणारा दगड देऊन घरी पाठवलं, हे मला त्या आजोबांचाही अपमान वाटतो. दुकानातून साधा, नक्षी नसलेला दगड घ्या आणि पैसे देण्याआधी पाणी टाकून तिथेच उगाळून बघा. प्रामाणिक दुकानदार नाही म्हणत नाही. मी कूपन परत केलं आहे आणि त्यांना लिहिलं आहे की डब्याऐवजी एक कुंचला, कांडी, कापड आणि लहानसा खरा दगड असा साधा संच ठेवा, किंमत तीच ठेवली तरी चालेल. उत्तर अजून आलेलं नाही.