बोरिवली, कर्नाळा की ऐरोलीची खाडी: मुंबईजवळचा एक मोकळा दिवस

एक रविवार हाताशी आहे, घरची चार माणसं आहेत आणि मॉल नको आहे. अशा वेळी तीन नावं हमखास पुढे येतात: बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, पनवेलपुढचं कर्नाळा आणि ऐरोलीजवळ ठाणे खाडीतले फ्लेमिंगो. लोक यातलं एक नाव आधी पक्कं करतात आणि मग सवडीने निघतात. गडबड तिथेच होते. आधी महिना बघा, मग घड्याळ, आणि जागेचं नाव शेवटी. एप्रिलात भर दुपारी कान्हेरीच्या कातळावर पोचलेला माणूस उद्यानाला नावं ठेवतो. त्याच पायऱ्या डिसेंबरात सकाळी नऊला चढणारा पुढच्या महिन्यात पुन्हा येतो.

ढोबळ हिशेब असा. जून ते सप्टेंबर बोरिवली. नोव्हेंबर ते जानेवारी कर्नाळा. फेब्रुवारी ते एप्रिल ऐरोली. ऑक्टोबरच्या उकाड्यात आणि मे महिन्यात बोरिवलीच, पण दहाच्या आत परत फिरायचं.

बोरिवली: एका नावाखाली दोन सहली

सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं हे जंगल मुंबई आणि ठाण्याच्या मधोमध आहे. बोरिवली स्टेशनच्या पूर्वेला उतरून चालत पंधरा-वीस मिनिटांत फाटक येतं. प्रवासाचा खर्च तिघांत सर्वात कमी याचाच. सोमवारी उद्यान बंद असतं आणि सुट्टीचा सोमवार पाहून फाटकावरून परतणारे दरवेळी असतात.

फाटकाजवळचा बागेचा भाग ही एक सहल. आजी-आजोबा, बाबागाडीतलं मूल, डबा आणि सतरंजी असेल तर इतकं पुरे. कान्हेरीची लेणी ही दुसरी. ती आत सहा-सात किलोमीटरवर आहेत, म्हणजे चालत जाऊन-येऊन बारा-तेरा किलोमीटर होतात. तेवढं अंतर, त्यावर लेण्यांच्या पायऱ्या, हे लहान मुलांना झेपत नाही. सायकल भाड्याने मिळते. घेताना ब्रेक दोन्ही चाकांचे तपासा आणि सीटची उंची जागेवरच बसवून घ्या, कारण लेण्यांजवळचा शेवटचा चढ गिअर नसलेल्या सायकलवर बहुतेकांना उतरून ढकलावा लागतो आणि परतताना तोच उतार ब्रेकची परीक्षा घेतो. ज्यांना लेणीच बघायची आहेत त्यांनी जाताना बस घ्यावी आणि पाय वर वापरायला राखून ठेवावेत.

लेणी शंभरावर आहेत. सगळी बघायचा हट्ट धरला की एकही नीट बघून होत नाही. दोन तासांत क्रमांक ३ चा चैत्य आणि त्याच्या व्हरांड्यातल्या दोन भव्य उभ्या बुद्धमूर्ती, ११ क्रमांकाचा दरबार, ३४ मधल्या छतावरचे रंगाचे अवशेष आणि ४१ मधला अकरा मुखांचा अवलोकितेश्वर बोधिसत्त्व एवढं व्हावं. यापेक्षाही न चुकवण्यासारखी आहे ती पाण्याची व्यवस्था. जवळपास प्रत्येक लेण्याला कातळात खोदलेली पोढी, म्हणजे पाण्याचं टाकं, आहे आणि वरून येणारं पाणी तिच्यात वळवणाऱ्या बारीक पन्हळी, म्हणजे खोदलेले पाट, आहेत. उन्हाळ्यात त्या नुसत्या रेघा दिसतात. जुलैत सर गेल्यावर पाच मिनिटांनी तिथे उभे राहा, सगळं चालू असतं. बोरिवलीला पावसाळ्यात पहिला क्रमांक देण्याचं खरं कारण हेच. मात्र ओल्या कातळावर शेवाळ धरतं. गुळगुळीत तळाचे फॅशनचे बूट आणि प्लास्टिकच्या चपला दोन्ही घसरतात. खाचांचा रबरी तळ हवा. ओढ्याचं पाणी वर पाऊस झाला की अचानक वाढतं, म्हणून ओढ्याच्या पात्रात डबा उघडून बसू नये.

बाकी बिनसतं ते माकडांमुळे. त्यांना पिशवीचा आवाज कळतो. खाणं हातातल्या पिशवीत नको, पाठीवरच्या चेन लावलेल्या सॅकमध्ये हवं. माकडाने एखादी वस्तू ओढलीच तर झटापट न करता सोडून द्यावी, चावा फार महाग पडतो. बिबट्याची भीती मात्र विनाकारण मोठी केली जाते. दिवसाउजेडी रहदारीच्या रस्त्यावर त्याची गाठ पडणं दुर्मीळ. संध्याकाळ झाल्यावर लहान मूल घोळक्यापासून पुढे धावत ठेवायचं नाही आणि रस्ता सोडून झाडीत बसायचं नाही, एवढं पाळा. तुळशी आणि विहार हे तलाव शहराला पाणी पुरवतात. तिकडे आपल्या मनाने वाट काढणं हा गुन्हा आहे, साहस नव्हे. शिलोंड्यासारख्या आतल्या पायवाटा हव्या असतील तर परवानगी आणि वाटाड्या घेऊनच.

कारवीचा फुलोरा बघायचा म्हणून निघणाऱ्यांसाठी: ती आठ वर्षांनी एकदाच एकगठ्ठा फुलते. इथे २०१६ नंतर २०२४ साली फुलली, म्हणजे पुढचा मोठा बहर २०३२ च्या आसपास. मधल्या वर्षांत तुरळक झुडपं दिसतील, डोंगर जांभळा दिसणार नाही.

कर्नाळा: पक्षी की गड, आधी ठरवा

कर्नाळा पनवेलपासून बारा किलोमीटरवर, मुंबई-गोवा महामार्गाला अगदी लागून आहे. हार्बरने पनवेल गाठायला सीएसएमटीहून सव्वा तासाहून थोडा जास्त वेळ लागतो. तिथून पेण-अलिबागकडे जाणारी एसटी फाटकाशी सोडते. जाणं सोपं आहे. परतीचा त्रास कोणी सांगत नाही: संध्याकाळी भरून आलेल्या गाड्या थांबत नाहीत आणि पनवेलकडची बस पकडायला वेगाने वाहणारा महामार्ग ओलांडावा लागतो. चार-साडेचारच्या आत रस्त्यावर यायचं, हा हिशेब सकाळीच मनात ठेवा. स्वतःची गाडी असेल तर हा प्रश्न उरत नाही. म्हणूनच मुलंबाळं बरोबर असताना कर्नाळ्याला गाडी आणि बोरिवलीला लोकल असा आमचा सल्ला असतो.

अभयारण्य जेमतेम बारा चौरस किलोमीटरचं, बोरिवलीच्या आठव्या हिश्शाएवढं. पण पक्ष्यांसाठी लहान जागा सोयीची. हरियाल आणि मोरटाका अशा दोन आखलेल्या पायवाटा आहेत. हरियाल छोटी आणि सोपी, मोरटाका लांब. सूर्योदयानंतरचे दोन तास पक्ष्यांचे, साडेनऊनंतर नुसती पानं बघायची. आठ जण गप्पा मारत चालले तर हाती काही लागत नाही. तिघे-चौघे, दहा पावलं चालून एक मिनिट थांबणारे, असा गट ठेवा. भृंगराज, स्वर्गीय नर्तक, शीळकरी कस्तूर ही इथली बोलावणारी नावं. कस्तुराची माणसासारखी शीळ पावसाच्या तोंडावर आणि पावसात ऐकू येते. थंडीत पाहुणे पक्षी जास्त. दुर्बीण ८ × ४२ ची पुरते. १० पटीची हातात थरथरते आणि दाट झाडीत पक्षी सापडेपर्यंत उडून गेलेला असतो.

गड चढायचा असेल तर पक्षी विसरा. दोन्ही एका सकाळी जमत नाहीत, कारण दोघांनाही पहिलेच दोन तास हवे असतात. गडाची उंची सुमारे ४४० मीटर. चढायला दीड ते दोन तास, उतरायला सव्वा-दीड, वर तासभर, म्हणजे पाच तास सरळ गेले. सुरुवातीचा टप्पा झाडीतून खडा आहे आणि दमवतो तो तोच. धारेवर आल्यावर वारा मिळतो, पण सावली संपते. माणशी तीन लिटर पाणी घ्या. गडावर टाकी आहेत, त्यांच्यावर विसंबू नका. फाटकावर प्लास्टिकच्या बाटल्या मोजून अनामत घेतली जाते आणि परत दाखवल्यावर पैसे मिळतात. स्टीलच्या बाटल्या नेल्या की ती रांगच टळते.

वरचा अंगठ्यासारखा सुळका हे गडाचं लांबून दिसणारं रूप. तो चढणं दोर आणि प्रस्तरारोहणाचं शिक्षण असलेल्यांचं काम. बाकीच्यांनी त्याच्या पायथ्याशीही आवाज करू नये, कारण सुळक्यावर आग्या मोहोळं असतात. अत्तर, डिओ, सिगारेट आणि ड्रोन ही चार कारणं माश्या उठायला पुरेशी. उठल्याच तर हातवारे न करता तोंड-मान कापडाने झाकून खाली झाडीकडे सरकायचं. धावत सुटणारा माणूस माशीने नाही तर दरीने जखमी होतो. पावसाळ्यात गड टाळावा. कातळातल्या पायऱ्या निसरड्या होतात आणि वर ढगाशिवाय काही दिसत नाही. स्वच्छ हवेत मात्र प्रबळगड आणि माणिकगड समोर उभे राहतात. इतिहासाची ओढ असणाऱ्यांनी वाटेतल्या शिरढोणला थांबावं. वासुदेव बळवंत फडके यांचं ते जन्मगाव, आणि त्यांचे आजोबा याच कर्नाळ्याचे किल्लेदार होते.

ऐरोली: इथे घड्याळ खाडीचं

चालायचं नाही, चढायचं नाही, तीन तासांत सगळं आटोपतं. गुडघे दुखणाऱ्यांना आणि दुपारी घरी परतायचं आहे अशांना ऐरोलीच बरी. ठाणे खाडीतलं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ साली जाहीर झालं आणि २०२२ मध्ये जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत गेलं. ट्रान्स-हार्बरने ऐरोली, पुढे रिक्षा. बोटीचं आरक्षण आधी करावं लागतं. नुसतं जाऊन उभं राहिल्यास सुट्टीच्या दिवशी जागा मिळत नाही.

बोटीची वेळ रोज बदलते आणि लोकांना तो गैरकारभार वाटतो. कारण साधं आहे. खाडी उथळ. पूर्ण ओहोटीला चिखल उघडा पडतो, बोट जात नाही आणि पक्षी दूरवर पांगून चरतात. पूर्ण भरतीला चिखल पाण्याखाली जातो, पक्ष्यांना उभं राहायला जागा उरत नाही आणि ते नेरुळ-सीवूड्सच्या पाणथळींकडे उडतात. कामाची वेळ या दोन टोकांच्या मधली. तारीख निवडताना कोकणातला जुना हिशेब वापरा: तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. सकाळीही आणि रात्रीही. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण आपल्या रविवारी बोट सकाळी सहाला मिळणार की उन्हात एकला, हे पंचांगावरून आधीच कळतं. एकची असेल तर पुढचा रविवार घ्या.

पक्षी नोव्हेंबरपासून यायला लागतात, मेपर्यंत राहतात. गर्दी आणि गुलाबी रंग दोन्ही फेब्रुवारीनंतर. मोबाइलवर फोटो येत नाहीत. ३०० मिलिमीटरची लेन्स नसेल तर दुर्बीण घ्या आणि फोटोचा नाद सोडा. बोटीत उभं राहिलं की थवा उठतो आणि मागच्या बोटीलाही काही दिसत नाही.

बाकीच्या जागा, थोडक्यात

वसईजवळचं तुंगारेश्वर बोरिवलीहून शांत आहे. महामार्गापासून देवळापर्यंतची वाट ओढ्याच्या सोबतीने जाते. सप्टेंबरअखेर ते डिसेंबर छान. त्याच डोंगरातल्या चिंचोटी धबधब्याला मात्र आमच्याकडून सरळ नकार. डोहाची खोली वरून कळत नाही, बुडून मृत्यू होतात आणि पावसाळ्यात प्रशासन बंदी आदेश काढतं.

समुद्रकिनाऱ्यांची तुलना पोहण्यासाठी करूच नये. जुहू काय, अक्सा काय, चालायला आणि सूर्यास्ताला. अक्साची वाळू पायाखालून सरकते आणि ओहोटीचा ओढ माणसाला आत नेतो. कोळी बांधव नारळी पौर्णिमेपर्यंत होडी पाण्यात घालत नाहीत, आपण गुडघाभर पाण्यात तरी कशाला जावं? पावसाळ्याच्या उत्तरार्धात वाळूवर निळे फुगे दिसतात ते ब्लूबॉटल, जेलीफिशसारखे समुद्री जीव. वाळून मेल्यासारखे दिसले तरी डंख करतात. लागलाच तर चोळू नका. समुद्राच्याच पाण्याने धुवा, तंतू काठीने काढा आणि डॉक्टर गाठा.

चार वर्षांखालचं मूल आणि हातात फक्त दोन तास, असं असेल तर वरचं सगळं बाजूला ठेवून सायन स्टेशनवरून धारावीजवळचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान गाठावं. ३७ एकरांवरची ही झाडी एकेकाळच्या कचराभूमीवर वाढवलेली आहे. सपाट वाटा, भरपूर सावली, फुलपाखरं. मुलाला पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, डास आहेत.