गंगापूर रोडवरील त्वचारोग दवाखाना : काडेपेटी उघडून पाहणारे डॉक्टर

कातडीखाली किडे वळवळत आहेत अशी पक्की खात्री झालेल्या माणसाला कुठे न्यावे, या विवंचनेत असलेल्या घरांसाठी हा अभिप्राय आहे. पंचवटीतील आमच्या मावशींनी घरभर फवारणी करवून घेतली होती आणि खरजेचे मलम सगळ्यांना लावायला लावले होते. आधी दाखवलेल्या एका ठिकाणी ‘मनाचे खेळ आहेत’ एवढेच ऐकून त्या उठून आल्या होत्या.

इथल्या डॉक्टरांनी मात्र त्यांनी काडेपेटीत जपून आणलेले ‘किडे’ सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, बोटांच्या बेचक्यांतील कातडी खरवडून खरूज नसल्याची खात्री केली, आणि ते धागे व पापुद्रे असल्याचे मावशींनाही दाखवले. असे नमुने घेऊन येणे ही अंगात किडे असल्याच्या भ्रमाच्या या आजाराची जुनी खूण आहे. स्वीडिश मेंदूविकारतज्ज्ञ कार्ल-अ‍ॅक्सेल एकबोम यांनी 1938 साली केलेल्या वर्णनावरून त्याला त्यांचे नाव मिळाले. बी-12ची कमतरता, थायरॉइडचे विकार, स्मृतिभ्रंश, पार्किन्सनवरची काही औषधे किंवा कोकेनसारखी नशा यांमुळेही असाच भ्रम होऊ शकतो, म्हणून रक्ताच्या तपासण्या झाल्या आणि चालू गोळ्यांची यादी बारकाईने वाचली गेली. काकांनाही खाज सुटू लागली होती. एकाचा भ्रम सोबत राहणाऱ्याला जडू शकतो, त्यामुळे त्यांच्याशी स्वतंत्रपणे बोलणे झाले.

मला सर्वांत मोलाची वाटली ती डॉक्टरांची भाषा. त्यांनी किडे असल्याची खोटी मान डोलावली नाही आणि नसल्याचा वादही घातला नाही. ‘काकू, त्रास खरा आहे, झोप उडाली आहे, त्यावर उपचार करू’ असे म्हणून मानसोपचारतज्ज्ञांना त्याच खोलीत बोलावले. रिस्पेरिडोन अल्प मात्रेत सुरू झाले, आणि ते भ्रमावरचे औषध आहे, सुस्ती येईल, वजन वाढू शकेल, हे लपवले नाही. ओरखडे आता भरत आले आहेत, मात्र किड्यांवरचा विश्वास पुरता गेलेला नाही.

उणीव आहे ती काउंटरवर. भरल्या प्रतीक्षागृहात ‘मानसोपचारवाले पेशंट कोण?’ असा पुकारा होतो, आणि महत्प्रयासाने तयार झालेला रुग्ण तेवढ्यानेही माघारी फिरेल. दिलेली वेळ पाळली जात नाही, पार्किंगची तर बोंबच आहे. जाताना जुने कागद आणि चालू औषधांची पाकिटे सोबत न्यावीत, आणि मानसोपचारतज्ज्ञ कोणत्या दिवशी बसतात हे आधी फोनवर विचारून घ्यावे.