कपाळावरचा पट्टा आणि मनातला घोडा

'तुमची कल्पनाशक्ती मोजा' असं खोक्यावर छापलेला हा मेंदूलहरींचा, म्हणजे मेंदूतले विजेचे सिग्नल टिपणारा पट्टा मी तीन आठवडे वापरला. जन्मभर मुलांना चित्रकला शिकवली, त्यामुळे मनात चित्र उभं करणं हा माझा रोजचाच उद्योग. वाटलं, शंभरातले नव्वद कुठे जात नाहीत.

मिळाले ३१. डोळे मिटून मागच्या पायांवर उभा राहिलेला घोडा रंगवला, अगदी गुडघ्याच्या वाटीसकट. तरी ३१. वैतागून दातओठ खाल्ले, तर थेट ८८! मेंदूचा सिग्नल कवटी ओलांडून कातडीपर्यंत येतो तेव्हा जेमतेम दहा-वीस-पन्नास मायक्रोव्होल्टचा (मायक्रोव्होल्ट म्हणजे व्होल्टचा दहा लाखावा भाग) उरतो. जबडा आवळला की स्नायूंचा गोंगाट त्याला सहज गिळून टाकतो. गुण देणाऱ्या, पट्ट्यासोबतच्या ॲपला यातलं काही कळत नाही. माझा राग त्याने प्रतिभा म्हणून नोंदवला.

खरी गोम जागेची आहे. यातले इलेक्ट्रोड, म्हणजे सिग्नल टिपणाऱ्या टिकल्या, कपाळावर आणि कानांमागे टेकतात, कारण तिथे केस आडवे येत नाहीत. पण दृष्टीचं काम पाहणारा मेंदूचा भाग असतो डोक्याच्या मागच्या बाजूला. जर्मन मनोविकारतज्ज्ञ हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये माणसाच्या मेंदूलहरी पहिल्यांदा टिपल्या आणि १९२९ मध्ये छापून प्रसिद्ध केल्या. डोळे मिटले की वाढणारी नि उघडले की ओसरणारी त्यांतली 'अल्फा' नावाची लहर, साधारण ८ ते १३ हर्ट्झची (म्हणजे सेकंदाला तेवढ्या हेलकाव्यांची), सर्वांत ठळक दिसते ती मागेच.

मला टक्कल आहे. त्याचा उपयोग आयुष्यात पहिल्यांदा झाला. पट्टा उलटा फिरवून पुढची बाजू मागे नेली, कातडीला पाण्याचं बोट लावलं आणि गुणांचा पडदा बंद करून कोणत्या हर्ट्झची लहर किती जोरात आहे ते दाखवणारा कच्चा आलेख उघडला. डोळे मिटताच १० हर्ट्झच्या आसपास झकास उंचवटा! मनात घोडा काढायला घेतला की तो खाली बसे, घोडा सोडला की पुन्हा वर येई. दर वेळी नाही, पण बऱ्याचदा. मी तासभर तेच करत बसलो होतो.

मग शंका आली म्हणून घोड्याऐवजी सतराचा पाढा म्हटला. उंचवटा तरीही बसला. म्हणजे मन कामात आहे एवढंच दिसतं. आत घोडा आहे की पाढा, हे नाही.

कानांमागे अर्ध्या तासात दुखायला लागतं. बॅटरी मात्र चांगली टिकते.

तारे दोन, दोन्ही कच्च्या आलेखासाठी. डोक्यावर दाट केस असतील तर एकच धरा.