हिस-सुमो टॅग: काही महिने वापरल्यावर

जिवाणूंत बनवलेलं प्रोटीन शुद्ध करणं सोपं जावं म्हणून त्याला टॅग, म्हणजे एक जोड, लावतात आणि नंतर कापून टाकतात. नुसता सहा हिस्टिडिनचा (निकेलला चिकटणाऱ्या अमिनो आम्लाचा) टॅग लावला की आमची बरीच प्रोटीन्स न विरघळता पेलेटमध्येच (तळाच्या गाळात) राहायची. एमबीपी हे विरघळायला मदत करणारं प्रोटीन टॅग म्हणून लावलं की तीच सुपरनॅटंटमध्ये (वरच्या द्रावणात) यायची, पण टीईव्ही या प्रोटीएजने (प्रोटीन कापणाऱ्या एन्झाइमने) टॅग कापताच ट्यूब गढूळ. ४२ किलोडाल्टनचं एमबीपी सोबत असताना प्रोटीन विरघळलं म्हणजे त्याची घडी नीट बसली असं नाही. त्यामुळे टॅगची परीक्षा कापल्यानंतरच करावी, या मतावर मी आलोय. त्या परीक्षेत हिस-सुमो (सहा हिस्टिडिन आणि सुमो हे छोटं प्रोटीन यांचा जोडटॅग) आमच्याकडे सर्वात भरवशाचा ठरला.

यीस्टमधला हा सुमो जेमतेम ११ किलोडाल्टनचा. प्रोटीन्स आकारानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर मात्र हिशेबापेक्षा बराच वर दिसतो, तेव्हा बँड पाहून घाबरू नका.

खरा फायदा कापण्यात आहे. टीईव्ही अमिनो आम्लांचा ठरावीक क्रम ओळखतं आणि मागे सहसा एक ग्लायसिन किंवा सेरिन ठेवतं. उल्प१ हे प्रोटीएज सुमोची घडीच ओळखतं आणि शेवटच्या दोन ग्लायसिननंतर कापतं, त्यामुळे आपल्या प्रोटीनला जादा काहीच चिकटून राहत नाही. एन-टोक (साखळीची सुरुवात) महत्त्वाचं असलेल्या एन्झाइमसाठी हे लाखमोलाचं. फक्त पहिलं अमिनो आम्ल प्रोलिन नको.

निकेल कॉलमवरून २५० मिलिमोलर इमिडाझोलने (हिस टॅगला निकेलवरून सोडवणाऱ्या रसायनाने) उतरवलेलं प्रोटीन आम्ही उल्प१ घालून ४ अंशांवर रात्रभर डायलिसिसला (पडद्यातून बफर बदलायला) लावतो. सकाळी कापून झालेलं असतं, इमिडाझोलही गेलेलं असतं. मग सगळं पुन्हा निकेलवरून सोडायचं. सुटा सुमो, न कापलेला भाग, हिस टॅगवालं उल्प१ आणि पहिल्या फेरीत सोबत आलेलं स्लायडीसारखं जिवाणूचं हिस्टिडिनबहुल प्रोटीन रेझिनवर (कॉलममधल्या निकेल लावलेल्या मण्यांवर) अडकतं. आपलं प्रोटीन फ्लो-थ्रूमध्ये (न अडकता खाली येणाऱ्या द्रावणात) येतं. या दुसऱ्या फेरीनंतरची जेलवरची लेन इतकी स्वच्छ येते की ती टाळू नका, असं मी कळकळीने सांगेन.

रिड्यूसिंग एजंट उल्प१ला लागतोच, पण डीटीटी हा नेहमीचा एजंट जास्त झाला की रेझिन तपकिरी पडतं. आम्ही त्याऐवजी टीसेप थोड्या प्रमाणात वापरतो. ईडीटीए (धातू पकडणारं रसायन) असलेला प्रोटीएज इनहिबिटर तर नकोच, निकेल धुऊन जातं.

उणिवाही आहेत. विरघळवण्यात हा एमबीपीइतका जोरदार नाही; जिवाणूंना १८ अंश आणि कमी आयपीटीजी (प्रोटीन बनवणं सुरू करणारं रसायन) देऊनही काही प्रोटीन्स हलली नाहीत, त्यांना अजून एमबीपीच लावतो. यीस्ट किंवा कीटकपेशींत हा साधा सुमो चालत नाही, कारण त्यांची स्वतःची प्रोटीएजेस तो आधीच कापतात.

मोठा कल्चर लावण्याआधी थोड्या प्रोटीनवर कापून पाहा, सेंट्रिफ्यूज करा आणि वरचं द्रावण जेल फिल्ट्रेशनवर (आकारानुसार वेगळं करणाऱ्या कॉलमवर) चालवा. शिखर व्हॉइडमध्ये (सर्वात मोठे कण सगळ्यांत आधी बाहेर पडतात तिथे) आलं तर ते प्रोटीन गुठळ्यांत आहे, टॅग बदला.