स्क्रीन नसलेला पेन टॅबलेट आणि क्रिटा: बरेच महिने रोज वापरल्यानंतर

निकाल आधी सांगते. हात चित्राचा आहे, पण कला महाविद्यालयाची फी आणि बाहेरगावचं राहणं परवडत नाही, अशा प्रत्येकाने ही जोडी घ्यावी. साधा पेन टॅबलेट, म्हणजे लॅपटॉपला जोडायची, पेनाने रेघ काढायची पाटी, मला तीन-साडेतीन हजारांत पडला. क्रिटा हे चित्र काढायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, मुक्त स्रोताचं आहे, लॉगिन मागत नाही आणि महिन्याचं भाडंही नाही. लॅपटॉप मामेभावाचा जुना, 8 जीबी रॅमचा. एवढ्या सामानावर मी आज सोलापुरात घरी बसून पैसे देणारं काम करते. कमतरताही बऱ्याच आहेत, त्या पुढे सांगते.

मला यातून काय हवं होतं ते कळलं नाही तर या अनुभवाचा उपयोग नाही, म्हणून थोडं माझ्याबद्दल. आम्ही शहराच्या पूर्व भागातले. अप्पा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चादरीच्या कारखान्यात मागावर आहेत, आई शिवणकाम करते. शाळेत चित्रकलेच्या सरांनी शासनाच्या चित्रकला परीक्षांना बसवलं, आधी एलिमेंटरीला, मग इंटरमिजिएटला. इंटरमिजिएटला ए ग्रेड आली आणि दहावीला तिचे 7 वाढीव गुण मिळाले. टक्केवारी चांगली दिसली म्हणून घरच्यांनी सायन्सला घातलं. चित्रामुळे मिळालेले गुण मला चित्रापासून लांब घेऊन गेले, याचं आजही वाईट वाटतं. घरच्यांना दोष देत नाही. त्यांच्या ओळखीत चित्रावर पोट भरणारं कुणी नव्हतं.

बारावीला फिजिक्स आणि गणित राहिलं. पुरवणीत गणित सुटलं, फिजिक्स नाही. पुढच्या वर्षी 17 नंबरचा फॉर्म भरून बाहेरून आर्ट्सची बारावी केली. मग बीएफएसाठी, म्हणजे चित्रकलेच्या पदवीसाठी, कला शाखेची सीईटी ही प्रवेश परीक्षा दिली. जागा मिळत होती ती दुसऱ्या शहरात. हॉस्टेल आणि मेसचा हिशोब मांडल्यावर अप्पा काही बोलले नाहीत आणि मीही विषय वाढवला नाही. त्यानंतर एका खासगी संस्थेत हप्त्यावर ॲनिमेशनचा कोर्स धरला. अर्ध्यातच शिकवणारे सर सोडून गेले आणि उरलेले महिने आम्हाला पडद्यावर व्हिडिओ लावून दिले. हप्ते मात्र वेळेवर मागितले. आईच्या शिलाईचे पैसे होते ते, आणि याचा राग अजून गेलेला नाही.

मग एका फ्लेक्सच्या दुकानात लागले. कोरलड्रॉमध्ये मांडणी, श्रीलिपीत मराठी टायपिंग, वाढदिवसाच्या शुभेच्छा, फोटोमागचं बॅकग्राउंड कापणं. काम हलकं समजू नका: दहा बाय वीस फुटांच्या फ्लेक्सवर काय लांबून वाचता येतं आणि काय नाही, हे मला तिथेच कळलं. पण तिथे सगळं माऊसने. माऊसने चेहरा कापता येतो, चेहरा काढता येत नाही. पहिल्या काही पगारांतून टॅबलेट घेतला तो यासाठी.

आता वस्तूबद्दल. या टॅबलेटला स्क्रीन नसते. हात टेबलावर चालतो आणि नजर लॅपटॉपवर असते. सुरुवातीला रेघ भलतीकडेच जाते, वर्तुळ अंड्यासारखं येतं. अंडं येण्याचं एक कारण हाताची सवय, दुसरं सेटिंग. टॅबलेटची लांबी-रुंदी आणि स्क्रीनची लांबी-रुंदी यांचं प्रमाण वेगळं असेल तर रेघ एका बाजूला ताणली जाते. ड्रायव्हरमध्ये, म्हणजे टॅबलेट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, प्रमाण कायम ठेवायचा पर्याय असतो, तो आधी चालू करा. पेनाला बॅटरी नाही, टॅबलेटच्या पाटीतूनच त्याला शक्ती मिळते, त्यामुळे चार्जिंगची कटकट नाही. खोक्यावर दाबाच्या 8192 पातळ्या लिहिलेल्या असतात. त्या आकड्याला भुलू नका. हलका दाब पेन किती लवकर ओळखतो ते जास्त महत्त्वाचं, आणि माझा पेन त्यात बरा आहे.

पेन चालतो पण रेघ जाड-बारीक होत नाही, अशी तक्रार खूप जण करतात. विंडोजवर असाल तर क्रिटाच्या टॅबलेट सेटिंगमध्ये पेनाचा दाब ओळखायचे विंडोज इंक आणि विनटॅब असे दोन पर्याय दिसतील. एक चालत नसेल तर दुसरा निवडून क्रिटा बंद करून पुन्हा उघडा. बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं. पेन टेकवून ठेवला की गोल चक्र उमटतं, ते विंडोजचं उजवं क्लिक आहे. तेही बंद करता येतं.

पेनाचं टोक झिजतं. पाटी जितकी खरखरीत, तितकं लवकर. तिरकं घासलेलं टोक पाटीवर चरे पाडतं, म्हणून खोक्यातली जादा टोकं जपून ठेवा. माझी खरी डोकेदुखी केबलची. जोडणीची जागा सैल झाली आणि हात जरा हलला की टॅबलेटची जोडणी तुटायची. आता केबल वळवून टेबलाला चिकटपट्टीने बांधली आहे, तेव्हापासून ठीक. आणि आपल्याकडचा उन्हाळा! एप्रिल-मेमध्ये दुपारी तळहाताचा घाम पाटीवर उतरतो, हात सरकत नाही. दोन बोटांचा हातमोजा बाजारात मिळतो; आईने मला जुन्या बनियनच्या कापडाचा शिवून दिला, तो विकतच्यापेक्षा चांगला आहे.

क्रिटाचे ब्रश फार चांगले आहेत. रंग ओढून एकमेकांत मिसळणारे ब्रश मला सर्वांत आवडतात, कारण शाळेत पोस्टर कलरवर जे शिकले ते तसंच चालतं. हात थरथरतो त्यांच्यासाठी रेघ सावरणारी सोय आहे. लांब वळणाच्या रेघेला ती लावा, पण कायम लावून ठेवू नका. रेघ मागून रेंगाळत येते आणि चित्र निर्जीव होतं. उजवं क्लिक केलं की ब्रश आणि रंगांचं गोल पान जागेवरच उघडतं. छोट्या स्क्रीनवर याचा मोठा आधार वाटतो.

मोठी परीक्षा झाली गड्ड्याच्या चित्रात. गड्डा म्हणजे आमच्या सोलापूरची सिद्धेश्वरांची यात्रा. तिच्यातले सातही नंदीध्वज, म्हणजे मिरवणुकीतल्या उंच सजवलेल्या काठ्या, आणि खाली बाराबंदी हा बंदांचा अंगरखा घातलेली गर्दी, असं चित्र मनात होतं. बाराबंदी पांढरी. पांढऱ्याशेजारी पांढरं, त्याच्याशेजारी पुन्हा पांढरं, आणि वरून जानेवारीचं ऊन. माझ्या पहिल्या कच्च्या चित्रात नुसती चुन्याची भिंत दिसत होती. तेव्हा सगळ्यावर रंग लपवणारा एक राखाडी लेयर (लेयर म्हणजे चित्रावर ठेवायचा पारदर्शक कागदासारखा थर) टाकून फक्त उजेड-सावलीच बघत बसले. खरा पांढरा फक्त ऊन थेट पडतं त्या खांद्यांवर ठेवला. बाकी पांढरे थोडे निळसर, थोडे पिवळट, गर्दीच्या आत तर चक्क करडे केले. लेयर लपवून, पुन्हा दाखवून ताडून बघता येतं, हे कागदावर मला कधीच जमलं नसतं. हे एक चित्र करताना मी जितकं शिकले तितकं त्या कोर्सभर शिकले नव्हते.

याच चित्रात लॅपटॉपने मान टाकली. कॅनव्हास 6000 बाय 6000 पिक्सेलचा होता. 8 बिटमध्ये पूर्ण भरलेला एक लेयर साधारण 144 एमबी खातो, 16 बिटमध्ये (रंग जास्त बारकाईने साठतात तेव्हा) त्याच्या दुप्पट. वीस-पंचवीस लेयर झाले की 8 जीबी रॅम कुठल्या कुठे जाते आणि रेघ पेनामागे रेंगाळायला लागते. मग गर्दीचे लेयर एकत्र केले, 16 बिटवरून 8 वर आले, तेव्हा काम पुढे सरकलं. किती मेमरी खाल्ली जातेय ते क्रिटा खालच्या पट्टीवर दाखवतं, तिकडे लक्ष ठेवा. लॅपटॉपची बॅटरी मेलेली आहे आणि लाइट कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून ऑटोसेव्हचं अंतर कमी करून ठेवलंय. लाइट गेल्यावर पुन्हा उघडलं की क्रिटा जतन झालेली प्रत विचारून देतं. आजवर काम बुडालेलं नाही.

मराठी अक्षरांच्या बाबतीत मात्र मी निराश आहे. माझ्याकडच्या आवृत्तीत मजकुरासाठी वेगळी खिडकी उघडते, तिथे टाइप करून जतन करायचं, मग अक्षर चित्रावर येतं. जागेवर बसवताना जीव जातो. शेंगाचटणीच्या पाकिटाचं लेबल करायचं काम आलं होतं, त्यात नाव, वजन, घटक, सगळं मराठीत. शेंगा आणि लाल मिरच्या क्रिटात रंगवल्या, अक्षरं इंकस्केप नावाच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये युनिकोड फॉन्टने बसवली. इंकस्केपही फुकटच आहे. छपाईवाल्यासाठी सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शायांचे रंग, क्रिटात करता येतं, पण आधी छपाईवाल्याला विचारून घ्या. पडद्यावर तळपणारा लाल कागदावर तसा येत नाही.

आता क्रिटातली जी गोष्ट सोलापूरकरांनी बघितलीच पाहिजे ती सांगते. कीबोर्डवर डब्ल्यू दाबा. कॅनव्हास चारी बाजूंनी स्वतःचीच आवृत्ती दाखवायला लागतो: उजव्या कडेबाहेर गेलेली रेघ डाव्या कडेने आत येते. म्हणजे सांधा न दिसणारी नक्षी थेट काढता येते. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा अप्पा मागे उभे होते. ‘काय करायलीस गं?’ म्हणाले, आणि मग बराच वेळ बघत राहिले. दुसऱ्या दिवशी मला कारखान्यात घेऊन गेले.

तिथे नक्षी काढणारे एक अण्णा आहेत. आयुष्यभर त्यांनी आलेखाच्या कागदावर चौकोन रंगवले. उभी रांग म्हणजे ताणा, आडवी म्हणजे बाणा. एकेका आडव्या रांगेचं एकेक पुठ्ठ्याचं कार्ड होतं. कार्डात भोक असेल तिथला ताण्याचा धागा वर उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो. जॅकार्डची ही युक्ती 1804 ची, फ्रान्समधली, आणि आपल्या भौगोलिक मानांकन मिळालेल्या चादरीवरचे मोर आणि फुलं अजून तिच्याच जोरावर उमटतात. अण्णांनी माझी नक्षी बघून विचारलं, ‘इंचात ताणा किती, बाणा किती?’ मला प्रश्नच कळला नाही. त्यांनी समजावलं: एका इंचात दोन्हीकडचे धागे सारखे नसतात, म्हणून पडद्यावर गोल दिसणारं फूल मागावर चपटं किंवा लांबुळकं येतं. आलेखाच्या कागदाचे चौकोनही म्हणूनच आयताकृती असतात. दुसरं, मागावर रंग मोजकेच. माझ्या फुलात शेकडो छटा होत्या.

घरी येऊन क्रिटात याची वाट शोधली. आधी नक्षी नेहमीसारखी रंगवायची. मग चित्राचा आकार बदलताना प्रमाणाचं कुलूप काढून रुंदीत ताण्याचे धागे आणि उंचीत बाण्याचे धागे भरायचे, म्हणजे एक पिक्सेल म्हणजे धाग्यांची एक गाठभेट. आकार बदलायची पद्धत ‘निअरेस्ट नेबर’ (जवळच्या पिक्सेलचाच रंग घेणारी) निवडायची, नाहीतर कडेला भलतेच रंग जन्मतात. शेवटी पॅलेटाइझ नावाचा फिल्टर: आपण ठरवलेल्या चार-पाच रंगांतच सगळं चित्र बसवतो. त्यानंतर मोठं करून एकेक पिक्सेल हाताने साफ करावा लागतो. वेळखाऊ आहे, पण अण्णांच्या आलेखाशी जुळतं. पुढचं विणीचं काम क्रिटा करत नाही, ते कारखान्यातच होतं. माझी एक नक्षी मागावर चढली. अण्णांनी कडेची वेल त्यांच्या हाताने सुधारली होती, आणि ती माझ्यापेक्षा चांगली होती.

‘डिग्री नसताना काम मिळतं का’ असं विचारणाऱ्या मुलींना माझं उत्तर: मला आजवर एकाही गिऱ्हाइकाने प्रमाणपत्र विचारलेलं नाही, सगळ्यांनी आधीचं काम बघितलं. पण शाळेत कलाशिक्षक व्हायचं असेल तर एटीडी ही कलाशिक्षकाची पदविका किंवा पदवी लागतेच, तिथे टॅबलेट उपयोगाचा नाही. मी यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बीए करतेय. पुस्तकं घरी वाचायची, काम सांभाळून परीक्षा द्यायची. सीईटीला पुन्हा बसायचंही ठरवलंय. त्यात वस्तुचित्र, स्मरणचित्र आणि संकल्पचित्र कागदावरच काढावं लागतं, आणि कागदावर कंट्रोल-झेड, म्हणजे चूक मागे घ्यायचं बटण, नसतं. म्हणून रोज सकाळी टॅबलेट उघडण्याआधी अर्धा तास पेन्सिल.

नवीन घेणार असाल तर लहान आकाराची पाटी घ्या, स्क्रीनवाल्याच्या मागे लागू नका. पैसे उरलेच तर लॅपटॉपची रॅम वाढवा. आणि क्रिटा डाउनलोड करायचं ते त्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच.