पुन्हा वाचायचं की पुस्तक मिटून आठवायचं?

परीक्षा तोंडावर आली की बहुतेक मुलं तोच धडा तिसऱ्यांदा वाचतात आणि हायलायटरने अर्धं पान पिवळं करतात. दुसरी पद्धत जरा त्रासदायक आहे: पुस्तक मिटायचं, कोऱ्या कागदावर आठवेल तेवढं लिहायचं आणि मग ताडून बघायचं.

रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली अमेरिकेत कॉलेजच्या मुलांवर नेमकी हीच तुलना केली. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याभराने मात्र पारडं फिरलं: वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना ५६. गंमत म्हणजे त्यांच्याच पुढच्या प्रयोगात नुसतं वाचणाऱ्यांनाच जास्त खात्री होती की आपल्याला सगळं आठवेल!

असं का होतं? ओळखीचं वाटणं आणि येणं यात फरक आहे. प्रकाशसंश्लेषण घ्या. वाचताना 'ऑक्सिजन बाहेर पडतो' या ओळीवरून नजर सहज पुढे सरकते. लिहायला बसलं की पेन अडतं: हा ऑक्सिजन येतो कुठून, कार्बन डायऑक्साइडमधून की पाण्यातून? (पाण्यातून.) नेमकं काय कच्चं आहे, ते तिथे कळतं.

धडा मुळात समजलाच नसेल तर पुन्हा वाचण्याला पर्याय नाही. डोक्यात नाही ते आठवणार कुठून? एरवी माझं मत सरळ आठवून लिहिण्याच्या बाजूने. पेपर अगदी पाच मिनिटांवर आला असेल तर मात्र वाचा खुशाल.